घाईच्या हाती अण्वस्त्रे

१० ऑगस्ट १९४५. नागासाकीवर बॉम्ब पडून एक दिवस उलटला होता. अणुबॉम्ब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांनी लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांना टिपण पाठवले. पुढचा बॉम्ब ठरल्यापेक्षा लवकर तयार होतो आहे, १७-१८ ऑगस्टनंतर हवामानाने साथ दिली की तो टाकता येईल, असा त्याचा आशय. मार्शल यांनी त्याच कागदाच्या तळाशी स्वतःच्या हाताने लिहिले की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीखेरीज हा बॉम्ब जपानवर टाकायचा नाही. त्याच दिवशी मंत्रिमंडळाच्या बैठकीत हॅरी ट्रुमन म्हणाले की आणखी लाखभर माणसे मारण्याची कल्पनाच आपल्याला सहन होत नाही, आणि त्यातही ती सगळी मुले. वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांनी हे बोलणे आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले, म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहे.

मार्शल यांना ती ओळ लिहावी लागली, कारण तोवर तसा आदेशच नव्हता. २५ जुलैला निघालेल्या लष्करी हुकमात म्हटले होते, ३ ऑगस्टच्या सुमारापासून हवामान पाहून ठरलेल्या शहरांपैकी एकावर पहिला बॉम्ब टाका आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे टाकत जा. हिरोशिमानंतर थांबायचे, जपान काय म्हणतो ते पाहायचे, मग पुन्हा ठरवायचे, अशी तरतूदच त्यात नव्हती. दुसरा बॉम्ब ११ ऑगस्टला टाकायचे ठरत होते. पुढे हवा बिघडणार असा अंदाज आला आणि बॉम्बफेकी विमानांचा तळ असलेल्या तिनियन बेटावरच्या अधिकाऱ्यांनी तारीख दोन दिवस अलीकडे आणली. ९ तारखेला विमान निघाले ते कोकुरा शहराकडे. तिथे ढग आणि धूर होता, लक्ष्य दिसेना, तीन घिरट्या घालून विमान नागासाकीकडे वळले. तिकडे तोक्योत त्याच सकाळी जपानची सर्वोच्च युद्ध समिती शरणागतीवर खल करत बसली होती. रशिया युद्धात उतरल्याची बातमी नुकतीच पोहोचली होती. बैठक चालू असतानाच नागासाकीची खबर येऊन थडकली. वर्षअखेरपर्यंत त्या एका शहरात सत्तर हजारांच्या आसपास माणसे मेली. त्या तीन दिवसांत, दुसरा बॉम्ब टाकावा का, हा प्रश्न कोणी कोणाला नव्याने विचारलाच नाही.

अण्वस्त्रांच्या वापराचा सर्वाधिकार अमेरिकी राष्ट्राध्यक्षाकडे आला तो असा, लष्कराचा हात आवरण्यासाठी. आज तोच सर्वाधिकार नेमक्या उलट्या कारणासाठी राखला जातो. एकट्याने ठरवायचे असले, की काही मिनिटांत ठरवता येते. ब्रेक म्हणून बसवलेली गोष्ट पुढे वेग वाढवायला वापरली गेली. अण्वस्त्रांच्या राजकारणाचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास मी याच अंगाने वाचतो. कोणाकडे किती बॉम्ब, कोणाचा पल्ला किती, यावर रकानेच्या रकाने भरतात. पण माणसाला विचार करायला किती वेळ उरला, हा हिशोब क्वचितच मांडला जातो आणि माझ्या मते खरा धोका तिथे आहे. भारताने पहिला अण्वस्त्रवापर न करण्याचे धोरण सोडू नये, उलट पाकिस्तानशी असलेल्या प्रत्येक व्यवहारात हा वेळ वाढवण्याच्या मागे लागावे, असे मी म्हणतो ते याच हिशोबाच्या आधारावर.

क्युबाचा पेच पाहा. १६ ऑक्टोबर १९६२ च्या सकाळी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रे जॉन केनेडी यांच्यासमोर ठेवली गेली. पहिल्या दिवशीच्या चर्चेत सगळा कल हवाई हल्ल्याकडे होता, खुद्द केनेडींचासुद्धा. निदान क्षेपणास्त्रांचे तळ तरी उडवायचेच, हे जवळजवळ धरून चालले होते. पण बातमी अजून फुटली नव्हती, म्हणून सल्लागारांना दिवसचे दिवस वाद घालता आला. मते बदलली, काहींची दोनदा बदलली. २२ तारखेला केनेडी दूरचित्रवाणीवर बोलले तेव्हा हल्ल्याची जागा सागरी नाकेबंदीने घेतली होती. तीस वर्षांनी, १९९२ मध्ये हवाना इथल्या परिषदेत तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांना कळले, की त्या दिवसांत रणभूमीवर वापरायची छोटी अण्वस्त्रे क्युबात येऊन पडली होती. अमेरिकेला त्यांचा पत्ताच नव्हता. पहिल्या दिवशीचा विचार अमलात आला असता, त्यामागोमाग सैन्य बेटावर उतरले असते, तर त्याची गाठ कशाशी पडली असती ते सांगायला नको.

अणुयुद्ध टळले ते केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह या दोघांच्या शहाणपणामुळे, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे, पण अर्धे. शहाणपण सुचायला त्यांच्या हाती तेरा दिवस होते. पहिल्या संध्याकाळी ते दोघेही इतरांइतकेच चुकू शकत होते.

त्या तेरा दिवसांत निरोपांची काय दशा होती तेही जाणून घेण्यासारखे आहे. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन मॉस्कोसाठी सांकेतिक तार तयार करत आणि ती न्यायला वेस्टर्न युनियन या तार कंपनीचा मुलगा सायकलवरून दूतावासात येई. पोराने वाटेत कुठे गप्पा मारत थांबू नये, एवढी प्रार्थना करण्यापलीकडे आमच्या हाती काही नव्हते, असे दोब्रिनिन यांनी पुढे लिहिले आहे. शेवटच्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, ख्रुश्चेव्ह यांनी माघारीचे पत्र राजनैतिक वाटेने पाठवण्याऐवजी थेट मॉस्को रेडिओवरून वाचायला लावले. पुढच्या वर्षी जूनमध्ये दोन राजधान्यांना जोडणाऱ्या हॉटलाइनचा करार झाला. ती हॉटलाइन म्हणजे टेलिफोन नव्हता, मुद्दाम टंकलेखी यंत्र ठेवले होते, कारण बोलण्यात घाई होते आणि लिहिलेले नीट वाचता येते. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. निरोप झटपट पोहोचला पाहिजे, पण त्यावरचा निर्णय सावकाश झाला पाहिजे. पुढची वीस वर्षे मात्र नेमके उलटे झाले.

बॉम्ब विमानातून न्यायचा असे तोवर हातात तास होते आणि विमान अर्ध्या वाटेतून परत बोलावता येत होते. क्षेपणास्त्र परत येत नाही. रशियातून सुटलेले आंतरखंडीय क्षेपणास्त्र अर्ध्या तासात अमेरिकेत पोहोचते, किनाऱ्याजवळच्या पाणबुडीतून सुटलेले दहा-पंधरा मिनिटांत. हल्ला ओळखायचा, खात्री करायची, राष्ट्राध्यक्षांना गाठायचे, यातून जे उरेल ते विचारासाठी. रडारवरच्या एका ठिपक्यावरून जगाचा अंत करायचा की नाही, हे ठरवायला सहा मिनिटे, असे रोनाल्ड रेगन यांनी निवृत्तीनंतर आत्मचरित्रात लिहिले. सर्वाधिक अण्वस्त्रे असलेल्या दोन देशांपैकी एकाचा आठ वर्षांचा राष्ट्राध्यक्ष हे लिहितो. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचाच या व्यवस्थेवर विश्वास नसेल, तर बाकीच्यांनी तो कशाच्या बळावर ठेवायचा?

आणि तो ठिपका खोटा निघतो. वारंवार निघालेला आहे. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात सरावाची फीत खऱ्या यंत्रणेत शिरली आणि पडद्यावर सोव्हिएत हल्ला सुरू झाला. पुढच्या जूनमध्ये ४६ सेंट किमतीची एक चिप बिघडली आणि पुन्हा तोच प्रकार. १९८३ चा प्रसंग यांहून गंभीर, कारण त्या वर्षी दोन्ही बाजूंची मने आधीच पेटलेली होती. १ सप्टेंबरला सोव्हिएत लढाऊ विमानाने वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान पाडले, २६९ माणसे गेली. २६ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर मॉस्कोच्या दक्षिणेला सेर्पुखोव्ह-१५ या केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह कामावर होते. भोंगा वाजला. अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र निघाल्याचे उपग्रह सांगत होता. मग दुसरे, तिसरे, करता करता पाच. यंत्रणेने स्वतःला पूर्ण खात्रीचा शेरा दिला होता. नियमानुसार पेत्रोव्ह यांनी तो वर कळवायचा होता. त्यांनी वर कळवले की इशारा खोटा आहे.

हे त्यांनी कशावरून ठरवले? कोणी युद्ध सुरू करेल तर पाच क्षेपणास्त्रांनी करणार नाही, हा एक विचार. नवी उपग्रह यंत्रणा कच्ची आहे हे इंजिनीअर म्हणून त्यांना माहीत होते, हा दुसरा. जमिनीवरच्या रडारवर काही दिसत नव्हते, हा तिसरा. तरी खात्री नव्हतीच, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्राची ज्वाला वाटला होता. पेत्रोव्ह यांना शाबासकी मिळाली नाही, त्या धांदलीत नोंदवही का भरली नाही म्हणून बोलणी मात्र खावी लागली. २०१७ मध्ये ते वारले. जगाने त्यांचे ऋण मानले ते ठीकच, पण मला त्यांच्या गोष्टीतून दिलासा मिळत नाही. त्या रात्री त्या खुर्चीत आज्ञेबरहुकूम वागणारा दुसरा एखादा प्रामाणिक अधिकारी असता तर? त्याला कोणी दोष दिला असता का?

अण्वस्त्रांमुळेच तिसरे महायुद्ध झाले नाही, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. महासत्ता एकमेकींशी थेट भिडल्या नाहीत, आणि भीती हे त्याचे एक कारण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही भीती तेव्हाच कामाला येते, जेव्हा घाबरलेल्या माणसाला थांबून विचार करता येतो. सहा मिनिटांत घाबरलेला माणूस चूक करतो. तेव्हा धाक हवा असे म्हणणाऱ्यांनीच खरे तर वेळेचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा. संपूर्ण निःशस्त्रीकरणाची मागणी करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या निहोन हिदान्क्यो या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले, ते दशकानुदशके स्वतःच्या जखमा जगासमोर उघड्या करण्याच्या कष्टाला मिळाले. पण अण्वस्त्रबंदीचा २०१७ चा करार २०२१ मध्ये अमलात आला तरी अण्वस्त्रधारी नऊ देशांपैकी एकही त्यात नाही. ते येईपर्यंत काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

संख्येचे म्हणाल तर ती उतरली आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रे होती, आता सुमारे बारा हजार आहेत. पण त्यांतली सुमारे दोन हजार आजही तयारीच्या इतक्या वरच्या पायरीवर आहेत, की आदेशानंतर मिनिटांत सुटावीत. ती जवळपास सगळी अमेरिका आणि रशियाची. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांना बंदी घालणारा १९८७ चा करार २०१९ मध्ये संपला. तो करार वेळेच्या दृष्टीने फार मोलाचा होता, कारण युरोपातून काही मिनिटांत मॉस्को गाठणारी अस्त्रेच त्याने मोडीत काढली होती. लांब पल्ल्याच्या अस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती आणि त्यातला सहभाग रशियाने २०२३ मध्येच स्थगित केला होता.

आता आपल्या घरी येऊ. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि भारताने सीमेवर सैन्य हलवायला सुरुवात केली. देशभरातल्या छावण्यांतून अवजड तुकड्या पोहोचायला सुमारे तीन आठवडे लागले. दरम्यान जगभरातून दबाव आला, १२ जानेवारीला मुशर्रफ यांनी दहशतवादाविरोधात भाषण केले आणि युद्ध टळले. आपल्या लष्करी वर्तुळात हा उशीर दुखणे मानला गेला. त्यातून काही दिवसांत, शक्य तर काही तासांत मर्यादित मुसंडी मारण्याचा विचार पुढे आला, तो ‘कोल्ड स्टार्ट’ या नावाने ओळखला जातो. त्याला उत्तर म्हणून पाकिस्तानने एप्रिल २०११ मध्ये ‘नस्र’ या क्षेपणास्त्राची चाचणी केली. पल्ला अवघा साठ किलोमीटर, म्हणजे आत शिरलेल्या सैन्यावरच वापरायचे अण्वस्त्र. असे अस्त्र सीमेजवळ न्यावे लागते, शत्रूच्या हाती पडण्याआधी वापरायची घाई सुटते आणि निर्णय राजधानीतून खाली सरकत जाण्याचा धोका वाढतो. दहशतवादाला उत्तर देण्याचा भारताचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण आपण आठवडे वाचवायला गेलो आणि समोरच्याने तास वाचवले, हा व्यवहार तोट्याचा झाला, हे मान्य करायला हवे.

घाईत काय होते, ते आपण आपल्या माणसांवर अनुभवले आहे. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटनंतरची सकाळ. पाकिस्तानी विमाने काश्मीरकडे आली, आकाशात चकमक चालू होती. श्रीनगरहून उडालेले हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळले. दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. त्या हेलिकॉप्टरमध्ये नाशिकचे एक तरुण वैमानिक होते. ते पाडले होते आपल्याच क्षेपणास्त्राने. ऑक्टोबरमध्ये हवाई दल प्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे उघडपणे मान्य केले. प्रशिक्षित, देशासाठी जीव द्यायला तयार असलेल्या माणसांना ऐन धुमश्चक्रीत स्वतःचे हेलिकॉप्टर ओळखता आले नाही. यात त्यांची नालायकी मला दिसत नाही. इतक्या थोड्या वेळात कोणीही हेच करू शकतो, आणि ती चूक साध्या क्षेपणास्त्राची होती म्हणून सात घरांपुरती राहिली.

९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी तर युद्धही नव्हते, तणावही नव्हता. आपले एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात शंभर किलोमीटरहून आत, मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यात स्फोटके नव्हती, कोणी दगावले नाही. नियमित देखभालीच्या वेळी तांत्रिक बिघाडाने हे झाले, असे सांगून भारताने दोन दिवसांनी जाहीर खेद व्यक्त केला, चौकशी केली आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. पाकिस्ताननेही त्या संध्याकाळी संयम राखला, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

इथे करारांचे कलम-कलम तपासण्यासारखे आहे. २००५ च्या करारानुसार दोन्ही देश बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी एकमेकांना देतात. ब्रह्मोस क्रूझ जातीचे, म्हणजे विमानासारखे हवेतून उडत जाणारे, त्यामुळे त्यात बसत नाही. २००७ चा करार अण्वस्त्रांशी संबंधित अपघातांपुरता, आणि ब्रह्मोस आपण अण्वस्त्र मानत नाही. म्हणजे खरा घडलेला अपघात दोन्ही करारांच्या फटीतून निसटला. रडारवर पाहणाऱ्याला मात्र येणारे क्षेपणास्त्र कोणत्या जातीचे आणि त्याच्या टोकाला काय बसवले आहे हे दिसत नाही. तीन वर्षांनी, मे २०२५ मध्ये, चार दिवसांच्या संघर्षात दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रे आणि ड्रोन खरोखरीच वापरले. १० मेच्या दुपारी दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये फोनवर बोलणे झाले आणि गोळीबार थांबवायचे ठरले. २०२२ सारखा अपघात त्या चार दिवसांत कधी झाला असता, तर तो अपघात आहे हे कोणी कोणाला पटवून दिले असते?

आगाऊ सूचना दिली म्हणजे भागते असेही नाही. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेने आन्दोया बेटावरून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी रॉकेट सोडले. त्याची सूचना रशियासह शेजारी देशांना आधीच दिलेली होती. ती रडारवरच्या माणसांपर्यंत पोहोचली नाही. रशियाचे राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्र आदेशाची पेटी उघडली गेली. काही मिनिटांनी रॉकेट समुद्राकडे चालल्याचे दिसले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तो काळ रशिया आणि पाश्चात्त्य देशांच्या मैत्रीचा होता. आपल्याकडे तशी मैत्री नाही, म्हणून करार आणि त्याची रोजची अंमलबजावणी दोन्ही अधिक काटेकोर हवीत.

मुंबईच्या वाचकाला हे सारे सीमेवरचे, लांबचे वाटू शकते. मुंबईहून कराची सरळ रेषेत नऊशे किलोमीटरही नाही, बॅलिस्टिक क्षेपणास्त्र हे अंतर दहा मिनिटांच्या आत कापते. जलद लोकलला दादरहून ठाण्याला पोहोचायला याच्या दुप्पट वेळ लागतो. शिवाय या गोष्टीची सुरुवातच मुंबईत झालेली आहे. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने सायरस आली, आणि १८ मे १९७४ ला पोखरणमध्ये जे प्लुटोनियम वापरले गेले ते सायरसच्या इंधनातून तुर्भ्यालाच वेगळे काढलेले होते. होमी भाभा, राजा रामण्णा यांच्या तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले अनिल काकोडकर १९७४ आणि १९९८ या दोन्ही चाचण्यांच्या कामात होते. या कर्तृत्वाचा अभिमान मराठी माणसाला वाटतो, वाटावाच. पण जे आपल्या शहरात घडले त्याच्या वापराचे नियम काय असावेत, यावर बोलण्याची जबाबदारीही मग आपल्यावर येते.

भारताचे नियम ४ जानेवारी २००३ ला जाहीर झाले. अण्वस्त्र प्रथम वापरायचे नाही, आपल्यावर वापरले गेले तर प्रतिहल्ला प्रचंड आणि असह्य असेल, आणि वापराचा आदेश पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषदच देऊ शकेल. रासायनिक किंवा जैविक हल्ल्याचा अपवाद त्यात आहे, तो मला खटकतो, पण गाभा ठाम आहे. प्रतिहल्ला लगेच करू, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर म्हणाले की आपण स्वतःला असे बांधून का घ्यावे, जबाबदार अण्वस्त्रधारी देश आहोत एवढे म्हणणे पुरे. हे वैयक्तिक मत असल्याचे त्यांनी स्पष्ट केले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पोखरणला राजनाथ सिंह यांनीही, आजवर हे धोरण पाळले, पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून, असे म्हटले.

पर्रीकरांचा मुद्दा वरवर बिनतोड आहे. शत्रूला अंदाज का द्यायचा? शिवाय पाकिस्तानचा आपल्या शब्दावर विश्वास नाही, त्याने स्वतः असे वचन दिलेले नाही, मग हे बंधन कोणासाठी? माझे उत्तर असे, की त्यांना पटो न पटो, बंधन आपल्यासाठी आहे. प्रथम वापरायचे नाही हे एकदा ठरले, की अस्त्रे मिनिटांत सज्ज ठेवायची गरज उरत नाही. स्फोटक भाग क्षेपणास्त्रापासून वेगळा ठेवता येतो, वैज्ञानिक आणि सैनिक दोघे एकत्र आल्याशिवाय अस्त्र पुरे होत नाही, आणि भारताने वर्षानुवर्षे हीच पद्धत ठेवली असे मानले जाते. प्रथम वापराचा पर्याय उघडा ठेवायचा तर ही सगळी रचना मोडून वेगाची नवी रचना उभारावी लागेल. आणि भारत कधीही आधी वार करू शकतो असे वाटू लागले, की रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयातला अधिकारी, आपली अस्त्रे नष्ट होण्याआधी वापरावीत, या विचाराकडे ढकलला जाईल. त्याची घाई वाढली तर मुंबई-पुण्याची सुरक्षितता वाढली, असे कसे म्हणता येईल?

वेळ काढत बसलो आणि पहिल्याच हल्ल्यात सगळे नष्ट झाले तर, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपण समुद्रात शोधले. आयएनएस अरिहंतने २०१८ मध्ये पहिली गस्त पुरी केली, २०२४ मध्ये आयएनएस अरिघात दाखल झाली. पाण्याखालची पाणबुडी पहिल्या हल्ल्यात सापडत नाही, म्हणून दिल्लीला एका तासात काही ठरवायची सक्ती उरत नाही. एक दिवस, दोन दिवस थांबता येते. पाणबुडीवर केलेल्या प्रचंड खर्चाचे समर्थन मी याच कारणासाठी करतो. पण पाणबुडीत अस्त्र जोडूनच न्यावे लागते, आणि कुपीबंद, म्हणजे जोडून तयार अवस्थेत नळीत बंद ठेवता येणाऱ्या, अग्नी-५ क्षेपणास्त्रामुळे जमिनीवरही तीच वाट मोकळी झाली आहे. वेगळे ठेवण्याची जुनी शिस्त जिथे सुटते, तिथे तिच्या जागी कोणते कुलूप येते, याची चर्चा संसदेच्या समितीत बंद दाराआड का होईना, व्हायला हवी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये लिमा इथे जो बायडन आणि शी जिनपिंग यांनी एकमताने म्हटले, की अण्वस्त्र वापराचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्हे. इतक्या तणावातही हे दोघे एवढे बोलू शकले. पेत्रोव्ह यांच्या जागी यंत्र असते तर त्याने पूर्ण खात्रीचा शेरा वाचून पुढचे पाऊल टाकले असते. भारताने आणि पाकिस्तानने हेच वाक्य एकत्र म्हणायला काहीच अडचण नाही, त्यात कोणाला एक क्षेपणास्त्रही कमी करावे लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत १९९८ पासून अण्वस्त्र धोका कमी करण्याचा ठराव दरवर्षी मांडतो. अस्त्रे झटपट सज्जतेवरून उतरवा, धोरणे तपासा, असे तो जगाला सांगतो. या ठरावाचा एक छोटा भाग वाघा सीमेवर लागू करून दाखवला, तर त्याचे वजन कितीतरी वाढेल. आधार तयार आहे. १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्यास बांधील आहेत आणि त्या केंद्रांच्या याद्या १९९२ पासून दर १ जानेवारीला बदलल्या जातात. कारगिल झाले, संसदेवरचा हल्ला झाला, २६/११ झाले, बालाकोट झाले, क्रिकेट बंद पडले, रेल्वे बंद पडली, तरी ही देवाणघेवाण चुकली नाही. २००५ च्या कराराला दोन पुरवण्या जोडाव्यात. क्रूझ क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचीही तीन दिवस आधी सूचना द्यायची, ही एक. आणि कोणतेही क्षेपणास्त्र, कोणत्याही जातीचे, चुकून सुटले तर ते अजून हवेत असतानाच लष्करी हॉटलाइनवरून तसे सांगायचे, चौकशीचा निष्कर्ष येईपर्यंत न थांबता, ही दुसरी.